मांडवीच्या गर्दीत आमची सतरा फुटी होडी

गेल्या वर्षी चतुर्थी आटोपली आणि मामाने आपली होडी मला देऊन टाकली. त्याचे गुडघे गेलेत, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी चिखलात उतरून होडी ढकलणं आता त्याला जमत नाही. सतरा फूट लांब, फायबरची, मागे ९.९ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. आम्ही गोव्यातले, मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचे. फेरीबोटीने रायबंदरला उतरून रोज पणजीला कामाला जातो, त्यामुळे ही नदी आपल्याला ठाऊक आहे असंच मला वाटत होतं. होडी हातात आल्यापासून ती कागदोपत्री माझी होऊन घरच्यांना पणजीपर्यंत नीट नेऊन आणेपर्यंत सहा महिने लागले. या सहा महिन्यांत काय विचारायचं आणि कुणाला, हेच बऱ्याचदा कळत नव्हतं. कुणाला अशीच होडी मिळाली असेल किंवा घ्यायची असेल, तर त्याच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

सुरुवात चुकीने झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी १३ ऑक्टोबर २०२४ ला, संध्याकाळी मी अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन पणजीकडे निघालो. तिला पणजीच्या अटल सेतूच्या, मांडवीवरच्या पुलाच्या, खालून जायचं होतं. होडीचे कागद अजून मामाच्या नावावर होते. इंजिन सुरू-बंद करणं आणि दांडा फिरवणं यापलीकडे मला काही येत नव्हतं. दोन लाइफ जॅकेटं होती, तीही पुढच्या फळीखाली दोरीने बांधून ठेवलेली. पुलांखालून पुढे आदिलशहाच्या वाड्यासमोरपर्यंत गेलो आणि परत फिरलो तेव्हा सूर्य बुडाला होता. काठावरचे दिवे, नदीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांचे दिवे, पर्यटकांच्या बोटींवरचे रंगीत दिवे, पुलावरचे दिवे. त्या झगमगाटात पाणी मात्र काळंकुट्ट, आणि आमच्या होडीवर एकही दिवा नाही.

एक मोठी बोट जवळून गेली. तिची लाट येताना दिसली तशी घाबरून मी इंजिन एकदम कमी केलं. होडीचं तोंड भरकटलं, लाट कुशीवर आली आणि दोन बादल्या पाणी आत. इंजिन बंद पडलं. लेक माझ्याकडे यायला उठली, तिला ओरडून खाली बसवलं. तेवढ्यात पणजी-बेती फेरीबोटीचे भोंगे ऐकू आले, छोटे छोटे, लागोपाठ पाच-सहा. वाटेतून बाजूला हो म्हणून रागावतायत असं मला वाटलं. मी वल्हं मारत राहिलो. फेरीवाल्यांनी वेग आधीच कमी केला होता, त्यांनी आम्हाला वळसा घालून जागा दिली. सहाव्या की सातव्या ओढीला इंजिन सुरू झालं. चोडणला पोहोचेपर्यंत लेक एक शब्द बोलली नाही.

रात्री मामाला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बारीक होडयेक कोण पळयना रे." छोट्या होडीकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते वाक्य पुढचे सहा महिने माझ्याबरोबर राहिलं. पाण्याची खोली, लाट, वारा यांचीच भीती असते असं मी धरून चाललो होतो. वर्दळीच्या पाण्यात खरा प्रश्न असतो तो आपण समोरच्याला दिसतो का, आणि आपण आता काय करणार हे त्याला वेळेत कळतं का, हा.

आधी कागद. २१ ऑक्टोबरला पणजीत बंदर कप्तान खात्यात पहिल्यांदा गेलो. तिथे कळलं की मामाची होडी मासेमारीची म्हणून मत्स्योद्योग खात्याकडे नोंदलेली आहे. मला ती घरच्यांसाठी, हौसेसाठी वापरायची होती. म्हणजे आधी तिथली नोंद सोडवून ना हरकत पत्र आणायचं, मग इथे नवी नोंदणी. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला आहे. इंजिनवर चालणाऱ्या होडीला त्यात नोंदणी, तपासणी आणि विमा हे सगळं आहे, आणि होडी चालवणाऱ्याने शिकलेलं असणंही. पहिल्याच फेरीत खिडकीवर कागदांची यादी मागून घ्या आणि ती आपल्या हाताने लिहून त्यांना वाचून दाखवा. मी ऐकलेलं लक्षात ठेवून घरी आलो आणि दोन कागद विसरलो, त्यात एक सुट्टी गेली.

माझं घोडं अडलं दोन ठिकाणी. मामाच्या जुन्या कागदावर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं आणि आधारवर वेगळं. गोव्यात हे घरोघरी आहे. त्यासाठी एकाच माणसाची ही दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. दुसरं म्हणजे इंजिनाचं बिल हरवलेलं. इंजिन होडीला ज्या ठिकाणी अडकवतात तिथे एक पट्टी असते, तिच्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो. त्याचा फोटो घेऊन विक्रेत्याकडे गेलो, त्याने जुन्या वह्या काढून दुसरी प्रत दिली. १९ दिवस लागले. मध्ये दिवाळी आली. पुढे २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालं आणि रायबंदरच्या रस्त्यावर अर्धा अर्धा दिवस जायला लागला. अर्ज शेवटी २ डिसेंबरला दाखल झाला. आवक क्रमांक लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवला, पुढे प्रत्येक वेळी त्या क्रमांकामुळे फाइल पटकन सापडली.

दरम्यान शिकायचं होतं. दोनापावला इथे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम होतात. गोव्यात आणखीही काही जण शिकवतात. १६ डिसेंबरच्या आठवड्यात रजा टाकून मी असा एक वर्ग केला. वर्गात बहुतेक तरुण मुलं, पर्यटकांच्या बोटींवर काम करणारी. मी त्रेचाळीस वर्षांचा एकटाच.

तिसऱ्या दिवशी, १८ डिसेंबरला, संध्याकाळी मुंबईची बातमी आली. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. मृतांचा आकडा वाढत शेवटी १५ वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात कुणी फारसं बोललं नाही. घरी बायको म्हणाली, होडी विकून टाका. आठवड्याने, नाताळच्या दिवशी, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली आणि एक माणूस गेला. तिने पुन्हा तेच म्हटलं. वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं, ऑक्टोबरची ती संध्याकाळ तिलाही ठाऊक होती. शेवटी तिने अट घातली: धक्का सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत जॅकेट अंगावर, पट्टे आवळलेले, आणि ते मीही घालायचं. मोठी माणसं मुलांना घालतात आणि स्वतः मांडीवर ठेवतात, हे तिने फेरीतून पाहिलेलं आहे.

त्या वर्गात जे शिकलो ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे रस्त्यावर डावी बाजू, पाण्यावर उजवी. अरुंद जलमार्गात आपल्या उजव्या काठाला धरून जायचं. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आडव्या वाटेने येणारी बोट आपल्या उजव्या हाताला असेल तर तिला वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने बाजूला राहायचं. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय. आणि पाच किंवा जास्त म्हणजे तू काय करणार आहेस ते मला कळत नाही. बेतीची फेरी त्या संध्याकाळी मला हाच प्रश्न विचारत होती. हे ऐकलं तेव्हा वहीत लिहिता लिहिता माझा हात थांबला.

वळायचं तर लवकर आणि ठळकपणे. थोडं थोडं वळलात तर दुसऱ्याला ते दिसतच नाही. त्याला आपल्या होडीची अख्खी कूस दिसेल एवढं वळा, मग सावकाश मूळ वाटेवर या. समोरची बोट आपल्याला धडकेल का हे ओळखायची युक्ती फार सोपी आहे: ती तुमच्या होडीच्या कुठल्या तरी खुणेशी, समजा कठड्याच्या एखाद्या खिळ्याशी, जुळवून बघा. ती खिळ्याच्या पुढे किंवा मागे सरकत असेल तर वाटा वेगळ्या आहेत. खिळ्यावरच राहून नुसती मोठी होत गेली तर धडक ठरलेली. फेरीबोटीच्या पुढून कधी जायचं नाही, थांबून तिच्या मागून जायचं. लाट कुशीवर घ्यायची नाही, वेग कमी करून पण इंजिनाचा जोर राखून ती तिरकी, नाकाच्या बाजूने घ्यायची. मी नेमकं उलट केलं होतं.

मांडवीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला नांगरलेल्या जहाजांविषयी वाटली. जहाज उभं असतं, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण त्याच्या ज्या बाजूवर प्रवाह येऊन आदळतो, तिथून जवळून जाताना इंजिन बंद पडलं तर पाणी आपल्याला सरळ त्याच्या साखळीवर आणि नाकावर नेऊन चिकटवतं. तिथे लहान होडी उलटायला वेळ लागत नाही. पुलाच्या खांबांचंही तेच. गाळ्याच्या मधोमध जा आणि खांबाशी रेंगाळू नका.

किल कॉर्ड म्हणजे इंजिनाच्या बटणाला लावलेली लाल गुंडाळी दोरी. तिचं दुसरं टोक मनगटाला किंवा गुडघ्याखाली अडकवायचं. चालवणारा पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. ती नसेल तर रिकामी होडी गोल गोल फिरत राहते आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा पडलेल्या माणसावरच येतो. मामाच्या इंजिनाची ही दोरी वर्षानुवर्षं बटणाभोवती बांधून ठेवलेली होती, सोय म्हणून. मी दोन नव्या घेतल्या.

सामानाचा खर्च सांगतो. मोठ्यांची तीन जॅकेटं प्रत्येकी १,९०० आणि लेकीचं, पायांमधून पट्टा असलेलं, २,२००. चारी बाजूंना दिसणारा बॅटरीचा पांढरा दिवा १,६००. घडीचा नांगर आणि तीस मीटर दोरी २,९००. हातातला भोंगा ९००, आग विझवण्याचा छोटा सिलिंडर १,१००, फेकायची रिंग १,५००. शिट्ट्या, टॉर्च, मोबाइलची पाणी न शिरणारी पिशवी, किल कॉर्ड मिळून ९००. इंजिनाची सर्व्हिसिंग ६,८००. एकूण २३,६००, विमा आणि सरकारी शुल्क सोडून. सगळं एकदम जमणार नसेल तर जॅकेटं, किल कॉर्ड आणि दिवा आधी घ्या. मुलांचं जॅकेट वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. घालून पट्टे आवळले की खांद्यांपाशी धरून वर उचलायचं. ते कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही सरकणार.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. अधिकाऱ्याने होडीचा तळ ठोकून पाहिला, पेट्रोलची टाकी पट्ट्याने बांधली आहे का ते पाहिलं, फायबरच्या पोकळीत फोम आहे का विचारलं. मामाच्या दोन जुन्या जॅकेटांचा फोम कडक झाला होता आणि शिवण नखाने उसवली, ती बाद. मग किती माणसं? सहा आरामात बसतात, मी म्हणालो. त्याने चार लिहिले. मला वाईट वाटलं, कारण आई, बायको, लेक, मी आणि मामा मिळूनच पाच होतात.

पण घरी येऊन आकडे आठवले तेव्हा मन शांत झालं. ३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीच्या पेरियार तलावात पर्यटक जनावरं बघायला एका बाजूला सरकले, बोट कलली, ४५ जण गेले. ७ मे २०२३ ला केरळमध्येच तानूरला २२. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. यात खवळलेला समुद्र एकदाही नव्हता. एका माणसामागे होडी थोडी खाली बसते, काठ पाण्याच्या जवळ येतो, मग कुणीतरी फोटोसाठी उभं राहतं किंवा सगळे एकीकडे वळतात, आणि तेवढं पुरतं. आता आम्ही दोन फेऱ्या करतो.

लेकीचं काय करायचं हा प्रश्न कागदांपेक्षा अवघड होता. ऑक्टोबरपासून ती फेरीतही कठड्यापाशी उभी राहत नव्हती. वर्गातल्या एका मुलाने सुचवलं, आधी थांबलेल्या पाण्यात ने. म्हणून २६ जानेवारीला, रविवारी, आम्ही मये तळ्यावर गेलो. सुट्टी, त्यामुळे तोबा गर्दी. पायाने चालवायच्या बोटी एकमेकींना घासत होत्या, मुलं हसत मुद्दाम धडका देत होती, एका बोटीत दोघे उभे राहून जागा बदलत होते. लेक काठावर बसून पाऊण तास नुसतं बघत राहिली. मग तिनेच दाखवायला सुरुवात केली: बाबा, त्याने पट्टा लावला नाही. बाबा, ते दोघे उभे राहिले. नंतर म्हणाली, आपण बसू, पण त्यांच्यापासून लांब. आम्ही तळ्याच्या रिकाम्या बाजूला अर्धा तास फिरलो. कुणी जवळ येऊ लागलं की ती हात वर करून थांबा म्हणायची, आणि लोक थांबायचे. आपण काय करतोय ते दुसऱ्याला दाखवलं की तो ऐकतो, हे तिला तिथे कळलं असावं.

नोंदणीचं प्रमाणपत्र १८ फेब्रुवारीला हातात आलं. होडीच्या दोन्ही गालांवर क्रमांक रंगवून घेतला. आतल्या बाजूला ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक पक्क्या रंगात लिहिले. भीतीच्या क्षणी पाठ असलेलंही आठवत नाही. त्यानंतर दोन रविवार पहाटे मामाबरोबर सराव. तो पुढच्या फळीवर बसायचा आणि मध्येच टोपी पाण्यात टाकून "माणूस पडला" म्हणायचा. एकाने टोपीकडे हाताचं बोट रोखून धरायचं, नजर हलवायची नाही. मी होडी ती पडली त्याच बाजूला वळवायची, म्हणजे पंखा तिच्यापासून लांब जातो. मग प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून हळू जवळ जायचं आणि पोहोचण्याआधीच इंजिन न्यूट्रलला. पहिल्या दिवशी चार टोप्या गेल्या. दुसऱ्या रविवारी एकही नाही.

पणजीची फेरी ९ मार्चला ठरवली. तारीख मामाने तिथी बघून काढली होती. त्या दिवशी दशमी, म्हणजे भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. होळी पौर्णिमेच्या उधाणात सुकतीचं पाणी नळासारखं समुद्राकडे धावतं. त्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की पाणी एका दिशेने आणि वारा उलट, मग पणजीसमोर आखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून सकाळी साडेसातला निघालो: मी, बायको, लेक आणि मामा. किती वाजता कुठे असू ते आईला लिहून दिलं. निम्म्या टाकीत परत येता येईल एवढं पेट्रोल. खारफुटीच्या आतल्या ओहोळांत शिरायचा मोह टाळला, ते सलीम अली पक्षी अभयारण्य आहे आणि आत जायला वन खात्याची परवानगी लागते.

रायबंदरच्या फेरीच्या वाटेवर पहिली परीक्षा. फेरी धक्क्यावरून सुटत होती. मी वेग कमी केला, होडीचं नाक तिच्या शेपटाकडे वळवलं आणि थांबलो. फेरी आमच्या समोरून गेली. पुलाच्या मधल्या गाळ्यातून गेलो. पुढे कॅसिनोंपासून चांगलं अंतर ठेवून, उजवा काठ धरून. एक रिकामी बार्ज, म्हणजे मालवाहू बोट, समोरून आली, उंच, मोठी. अशी रिकामी बार्ज नाक वर करून चालते आणि तिच्या पुढ्यातलं पाणी चालवणाऱ्याला दिसत नाही. लांबूनच उजवीकडे वळलो आणि एक छोटा भोंगा दिला. थोड्या वेळाने तिकडूनही एक आला.

लेक तेव्हा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्या गुडघ्याखालची लाल दोरी नीट आहे का ते हाताने ओढून पाहिलं.

साडेनऊला चोडणला परत. दिवा लावायची वेळच आली नाही. अंधारात जायचं नाही हे आम्ही ठरवलेलं आहे, पण दिवा होडीत असतोच, कारण इंजिन बंद पडलं की संध्याकाळ कुणासाठी थांबत नाही.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, म्हणून होडी लवकर वर ओढली. इंजिनातून गोडं पाणी फिरवून ते उतरवलं. जॅकेटं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवली, उन्हाने कापड लवकर विरतं. घडी करताना लेकीला एकदा घालायला लावलं. पट्टे शेवटपर्यंत सैल केले तरी छातीवर आखूड पडतात. चतुर्थीनंतर तिच्यासाठी पुढच्या मापाचं आणावं लागेल.